लाल खुणेचा नळ

शारजात जुलैला नळ उलटे होतात.
निळ्या खुणेतून उकळतं पाणी,
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात भाजलेली.
म्हणून गीझर मे महिन्यातच बंद करायचा
आणि गार पाण्यासाठी
लाल खुणेचा नळ सोडायचा.
हे मला शेजारच्या मर्सीअम्मानं शिकवलं
पहिल्या उन्हाळ्यात,
हात पोळल्यावर.

हा सातवा उन्हाळा.
शांतवनची नोकरी सुटून एकोणचाळीस दिवस झाले.
हमरियाच्या यार्डात त्याच्या जागी
आता दुसऱ्याच कुणाच्या वेल्डिंगच्या ठिणग्या.
व्हिसाचे उरलेले दिवस मोजत नाही म्हणतो,
पण कॅलेंडरवर पेनाचे ठिपके आहेत,
अगदी बारीक.
मी विचारत नाही, तो सांगत नाही.

शुक्रवारी साडेतीन ते पाच
यर्मूकच्या चर्चमधली वरची खोली आमची.
आधी तमिळ उपासना, नंतर उर्दू,
खुर्च्या कोमट असतात दुसऱ्यांच्या प्रार्थनांनी.
आम्ही सव्वीस जण,
जालन्याचे, राहुरीचे, मिरजेचे,
पेटी एकच, तिची काळी दोन अडकते.
मकासरे मामा दर वेळी जिन्यात गाठतात,
"काही समजलं का?"
मी म्हणते, "प्रभू पाहून घेईल."
इतकं सवयीनं म्हणते
की परवा बसमध्ये बसल्यावर
ते माझं मलाच ऐकू आलं,
कागद न वाचता सही ठोकावी तसं.

त्या रात्री सही केली नाही.
बाथरूमचं दार लावून
पालथ्या बादलीवर बसले आणि बोलले,
बापा, त्या विधवेच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही.
आमचं सरलं. मंगळवारी.
शाळेच्या फीची तिसरी सूचना आलीय.
आईला अजून कळवलं नाही,
ती राहुरीत साऱ्या मंडळीला सांगत फिरते,
जावई माझा परदेशात.
तू डोंगर हलवतोस ना,
मग एक कागद
सात नंबरच्या खिडकीतून आठ नंबरच्या खिडकीत
सरकव की.

उत्तर आलं नाही.
एसी घरघरत राहिला.
पहाटे पलीकडच्या मशिदीतून बांग आली,
तीही कुणाकुणाच्या जागरणावरून
चालत गेली असेल.

मंगळवारचं पुढचं सांगायचं राहिलं.
खालच्या पठाणाच्या भट्टीवर
मी दोन रोट्या मागितल्या,
त्यानं चार गुंडाळल्या
आणि पैसे दोनाचेच घेतले,
मान वर न करता,
जणू मोजताना चुकलं.
याला चमत्कार म्हणायला
माझी जीभ धजत नाही.
चूक म्हणायलाही नाही.

सकाळी एस्तेरला आंघोळ घालताना
तिनं लाल खुणेवर बोट ठेवलं.
"हे गार कुणी केलं?"
कुणी नाही, म्हणणार होते.
टाकीतलंच पाणी, तेच भाजलेलं,
फक्त बंद गीझरच्या पोटात
रात्रभर
अंधारात थांबलेलं.
मी बादलीत हात घातला
पोळण्याच्या तयारीनंच,
सात वर्षांनीसुद्धा.

बाहेर शांतवन चहा गाळत होता, बिनदुधाचा.
त्याचा फोन वाजला.
गाळणं तसंच धरून तो उभा राहिला,
दोन रिंग, तीन रिंग,
माझेही कान तिकडेच.
एस्तेर म्हणाली, "आई, डोळे मिट,"
आणि तिनं तांब्या
माझ्याच डोक्यावर ओतला.

गार होतं.